मुलाला ‘मंद’ ठरवण्याआधी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. पॅरिस आणि आसपासच्या रुग्णालयांत मुलांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार राजरोस घडत होता. उशिरा बोलणारे, शिकवलेले न समजणारे किंवा वर्गात न आवरणारे एखादे मूल आधी एका रुग्णालयात दाखल होई, काही दिवसांनी तिथून दुसरीकडे पाठवले जाई. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर त्याला तपासून दाखला लिही. एका दाखल्यात ते मूल ‘इडियट’ असे, दुसऱ्यात ‘इम्बेसिल’, तर तिसऱ्यात आणखी भलतेच काही. हे शब्द तेव्हा शिव्या नव्हते, बौद्धिक अक्षमतेच्या तीव्रतेचे ते वैद्यकीय वर्ग होते. मूल तेच, मधले दिवस मोजकेच. निदान मात्र प्रत्येक दारात बदलत होते.

असे शेकडो दाखले एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहणारा माणूस स्वतः डॉक्टर नव्हता. त्याची पदवी कायद्याची होती. त्याचे नाव आल्फ्रेड बिने. बुद्धिमापन चाचणीचा जनक म्हणून जग त्यांना ओळखते. पण त्यांना सोडवायचा प्रश्न बुद्धी मोजण्याचा नव्हताच. एखाद्या मुलाला शाळेत अडचण येत असेल, तर ती नेमकी कसली आणि किती आहे हे चुकीचा शिक्का न मारता कसे ओळखायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

बिने यांचा जन्म १८५७ साली नीस येथे झाला. तेव्हा हे शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. तीन वर्षांनी ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाले आणि एकुलत्या एका आल्फ्रेडला घेऊन आई शिक्षणासाठी पॅरिसला आली. मुलाचा भित्रेपणा जावा म्हणून वडिलांनी त्याला लहानपणी प्रेताला हात लावायला लावला, असे सांगितले जाते. पुढे कायद्याची पदवी घेऊनही वकिली काही त्यांना रुचली नाही. वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, तेही अर्धवट सोडले. अखेर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राची पुस्तके वाचायला सुरुवात केली. या विषयात त्यांना गुरू असे कोणी लाभलेच नाहीत. जे शिकले ते पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून.

पहिली मोठी चूक साल्पेत्रिएर रुग्णालयात झाली. ज्याँ-मार्तां शार्को हे तिथले जगप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली १८८३ पासून बिने संमोहनाचे प्रयोग करू लागले. संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरवला, की एका हाताची लुळेपणाची लक्षणे दुसऱ्या हातात जातात, असा दावा त्यांनी आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी केला. बेल्जियममधील संशोधक जोसेफ देल्बफ यांना याची शंका आली. ते पॅरिसला आले आणि प्रयोग समोर बसून पाहिला. त्यांना जे दिसले ते सरळ होते. पुढे काय होणार आहे याची चर्चा प्रयोगकर्ते रुग्णासमोरच मोठ्याने करत होते. रुग्णाला अपेक्षा कळत होती आणि ती पुरी होत होती. चुंबकाचा त्यात काहीही संबंध नव्हता.

बिने यांनी सुरुवातीला जोरात प्रतिवाद केला, पण शेवटी चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. तिशीतल्या संशोधकासाठी ही मोठीच नामुष्की होती. मात्र यातून मिळालेला धडा त्यांनी आयुष्यभर जपला. तपासणाऱ्याच्या मनात जे आधीच ठरलेले असते, ते तपासल्या जाणाऱ्यात दिसू लागते. मुलांच्या निदानात हा धोका किती मोठा आहे, हे त्यांना पुढे कळायचे होते.

दरम्यान १८८४ मध्ये त्यांचा विवाह लॉर बाल्बियानी यांच्याशी झाला. सासरे नामवंत गर्भविज्ञानतज्ज्ञ होते. माद्लेन आणि आलिस या दोन मुली झाल्या आणि बिने यांची खरी प्रयोगशाळा घरातच सुरू झाली. मुली चालायला शिकत असतानाच त्यांना एक गोष्ट लक्षात आली. थोरली माद्लेन जवळचा आधार बघून, तोल सांभाळत, एकाग्रतेने पाऊल टाकी. धाकटी आलिस मात्र खोलीच्या मध्यावर बेधडक निघे, पुढे धरायला काही आहे का याचा विचार न करता. आईवडील तेच, घर तेच, तरी दोघींची शिकण्याची रीत वेगळी होती. पुढे या दोघींवर केलेल्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून १९०३ मध्ये त्यांचा बुद्धीविषयीचा मोठा ग्रंथ तयार झाला. मूल समजून घ्यायचे तर त्याच्याशी बोलावे लागते, त्याला काम देऊन ते कसे करते हे पाहावे लागते, ही त्यांची पद्धत इथेच पक्की झाली.

त्या काळातील शास्त्रज्ञांची पद्धत वेगळी होती. बुद्धी मोजायची तर कवटी मोजा, हा तेव्हाचा मान्य मार्ग. सॉर्बोन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत बिने १८९१ मध्ये रुजू झाले आणि तीन वर्षांनी तिचे संचालक झाले. या कामाचा त्यांना पगार नव्हता. तिथे असताना त्यांनीही शाळाशाळांत जाऊन हुशार आणि मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला तो जेमतेम काही मिलिमीटरचा. मग त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. कोणते मूल हुशार म्हणून पाठवले आहे हे आधी माहीत असेल, तर आपला हात नकळत पट्टी किंचित पुढेमागे सरकवत असेल का? त्यांनी मोजमापे पुन्हा घेतली आणि स्वतःच्या आकड्यांत पूर्वग्रह शिरल्याचे त्यांना आढळले. १९०० च्या सुमारास त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले आणि कवटीमापनाचा नाद सोडला. साल्पेत्रिएरचा धडा दुसऱ्यांदा गिरवला गेला होता.

याच सुमारास तेओदोर सिमाँ नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आला. पॅरिसबाहेर पेरे-व्होक्लूझ येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची वसाहत होती, तिथे तो काम करत होता. बिने यांच्याकडे प्रश्न होते, सिमाँ यांच्याकडे मुले. पुढची दहा-बारा वर्षे ही जोडी एकत्र राहिली.

कामाला तातडी आली ती सरकारी निर्णयामुळे. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण सक्तीचे झाले होते. पूर्वी घरीच राहणारी किंवा शेतात राबणारी मुले आता वर्गात बसू लागली आणि त्यांतली काही मागे पडत असल्याचे सगळ्यांना दिसू लागले. त्यांना कसे शिकवावे हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये सरकारने आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. अशा मुलांसाठी खास वर्ग काढावेत, असा विचार पुढे आला. पण तिथे पाठवायची मुले निवडणार कोण आणि कशाच्या आधारावर?

हा प्रश्न कागदी नव्हता. शिक्षकाच्या शिफारशीवर निवड सोडली, तर वर्गात त्रास देणारा खोडकर मुलगा ‘मंद’ म्हणून बाहेर जाणार. शांत बसणारी, पण काहीच न समजणारी मुलगी मात्र तशीच मागच्या बाकावर राहणार. पालकांवर सोडली, तर कोणी लाजेपोटी अडचण लपवणार. आणि डॉक्टरांवर सोडली तर काय होते, ते त्या शेकडो दाखल्यांनी दाखवून दिलेच होते.

बिने आणि सिमाँ यांनी दाखल्यांमधील विसंगतीची कारणे शोधली. काही डॉक्टरांना अशा मुलांचा अनुभवच नव्हता. एकच शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरत होता. आणि सर्वांत घातक म्हणजे बहुतेक जण मुलाला पाहून होणाऱ्या एकूण ग्रहावर निदान करत होते. नजर कशी, चेहरा कसा, उत्तर किती चटकन दिले, यावर. मुलाला नक्की काय येते आणि काय येत नाही, हे दाखल्यात लिहिलेलेच नसे. त्यामुळे एका डॉक्टरचे मत दुसऱ्याला पडताळून पाहता येत नव्हते.

यावरचे उत्तर १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस छोटी कामे, सोपीकडून अवघडाकडे मांडलेली. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांत मूल फरक करते का? चित्रातल्या वस्तू दाखवता येतात का? तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणता येतात का? पुठ्ठा आणि कागद, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगता येतो का? शेवटच्या पायरीवर अमूर्त शब्दांच्या अर्थांतला भेद विचारला जाई. यात पाठांतराची परीक्षा नव्हती. शाळेत न गेलेले मूलही बरीचशी कामे करू शकेल, असा प्रयत्न होता. महत्त्वाचे म्हणजे, हीच कामे आधी कोणतीही अडचण नसलेल्या मुलांना देऊन पाहिली होती. पाच वर्षांच्या मुलाला साधारण काय जमते हे माहीत असल्याशिवाय एखादे मूल मागे आहे असे म्हणता येत नाही, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती.

१९०८ मध्ये त्यांनी ही कामे तीन ते तेरा वर्षे अशा वयांनुसार लावली. नाक, डोळे, तोंड दाखवणे तीन वर्षांचे. चौकोन पाहून काढणे आणि चार नाणी मोजणे पाच वर्षांचे. यावरून मुलाचा बौद्धिक स्तर ठरे. १९११ मध्ये पुन्हा सुधारणा झाली.

मात्र चाचणीइतकीच तिच्याभोवतीची पथ्ये बिने यांना महत्त्वाची वाटत होती. खोली शांत असावी. मुलाशी आधी ओळख करून घ्यावी. घाबरलेल्या मुलाचे उत्तर हे भीतीचे उत्तर असते. घाई करू नये आणि उत्तर सुचवूही नये. मूल शाळेत मागे आहे असे दिसले, तर आधी हजेरीपट पाहावा. आजारपणामुळे किंवा घर सतत बदलल्यामुळे वर्षभर शाळा बुडाली असेल, तर मागे पडणे साहजिक आहे. नऊ वर्षांखालचे मूल अभ्यासात दोन वर्षे आणि त्याहून मोठे मूल तीन वर्षे मागे असेल, तरच पुढच्या तपासणीचा विचार करावा, असा ढोबळ नियम त्यांनी सुचवला. डोळे आणि कान तपासण्याचा आग्रह धरला. फळ्यावरचे न दिसणारे मूल आणि न समजणारे मूल बाहेरून सारखेच दिसते. म्हणून शिक्षकांनाच वर्गात नजर तपासता यावी यासाठी अक्षरांचा तक्ताही त्यांनी प्रचारात आणला. शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर या तिघांनीही आपापल्या बाजूने मूल तपासावे, एकाच्या शब्दावर निर्णय होऊ नये, ही त्यांची मांडणी होती.

चाचणीच्या मर्यादाही त्यांना दिसत होत्या. ब्रुसेल्समधील एका खासगी शाळेत हीच कामे दिली गेली, तेव्हा तिथली सुस्थितीतील मुले वयाच्या मानाने बरीच पुढे निघाली. घरातली भाषा, पुस्तके, गप्पा यांचा उत्तरांवर परिणाम होतो, हे बिने यांनी मान्य केले आणि त्यावर लिहिले. आकडा म्हणजे मुलाची जन्मजात कुवत नव्हे, आजची स्थिती आहे. ती उद्या बदलू शकते, असे ते सांगत राहिले. बुद्धी ठरावीक असते, ती वाढवता येत नाही, या समजुतीचा त्यांना संताप येई.

ही भूमिका त्यांनी कामातूनही दाखवली. पॅरिसमधील एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक व्हिक्टर व्हाने यांच्या मदतीने त्यांनी १९०५ मध्ये प्रयोगशाळा सुरू केली. खास वर्गांतील मुलांसाठी मनाचे व्यायाम आखले. शिक्षकाने खूण करताच सगळ्यांनी पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहायचे. काठोकाठ भरलेले पाण्याचे भांडे थेंबही न सांडता दुसऱ्या टेबलावर न्यायचे. खेळ वाटणाऱ्या या गोष्टींत लक्ष देणे, स्वतःला आवरणे, शिकण्याआधी शिकायला तयार होणे हे सारे होते. १९०९ मध्ये फ्रान्समध्ये अशा खास वर्गांचा कायदा झाला. बिने यांच्या लेखी निदानाला अर्थ होता तो एवढ्याचसाठी. पुढे मदत मिळणार नसेल तर मुलाला तपासण्याचा खटाटोप व्यर्थ होता.

मानसन्मान त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. कॉलेज द फ्रान्समधील प्राध्यापकपद १९०२ मध्ये प्येर जाने यांना मिळाले. विद्यापीठातील खुर्ची कधी मिळालीच नाही. फावल्या वेळात ते आंद्रे द लोर्द या नाटककाराबरोबर वेड आणि भीती यांवरची नाटके लिहीत. १८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चाचणीचे पुढे काय झाले, हे पाहायला ते उरले नाहीत. आणि तेच या चरित्राचे सर्वांत दुःखद पान आहे.

१९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी बौद्धिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि ‘आय.क्यू.’ घराघरांत पोहोचला. अनेक कामांतून दिसणारे मुलाचे चित्र एका आकड्यात आटले. त्याआधीच हेन्री गोडार्ड यांनी ही चाचणी इंग्रजीत नेली होती. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जहाजातून नुकत्याच उतरलेल्या, थकलेल्या, भाषा न जाणणाऱ्या स्थलांतरितांना ती दुभाष्यामार्फत देऊन त्यांच्यापैकी बहुसंख्यांना कमी बुद्धीचे ठरवले गेले. शांत खोली, ओळख, धीर, घरची भाषा ही सगळी पथ्ये पॅरिसमध्येच राहिली होती.

१९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास परवानगी दिली. तिला ‘मंदबुद्धी’ ठरवण्यात अशाच चाचणीचा वाटा होता. नंतरच्या संशोधकांनी तिचे शाळेतील प्रगतिपुस्तक शोधले, तेव्हा ती चारचौघींसारखी सर्वसाधारण विद्यार्थिनी असल्याचे दिसले. कोणी हजेरीपट आणि प्रगतिपुस्तक आधीच पाहिले असते, तर तो शिक्का टिकला नसता. मुलांना मदत मिळवून देण्यासाठी घडवलेले साधन माणसे वगळण्यासाठी वापरले गेले.

चाचणीचा चांगला वारसाही आहे. तो महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणी नव्याने बसवली आणि १९४० मध्ये ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. परकी चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही. इथल्या मुलांवर तपासून तिची पायरी पुन्हा ठरवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. बिने-कामत चाचणी पुढे अनेक दशके बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत वापरली गेली. तिचे निकष जुने झाल्याची टीकाही होते आणि ती रास्त आहे. काळ बदलला की मुलांचे अनुभवविश्व बदलते आणि निकषही पुन्हा तपासावे लागतात.

बिने यांच्या काळात स्वमग्नतेला नाव नव्हते. लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले ते १९४३ मध्ये. अतिचंचलता, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, बोलण्यातील विलंब हे सगळे आज वेगवेगळे ओळखता येते आणि प्रत्येकाची मदत वेगळी असते. तरीही मुलाला घेऊन पालक एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतात, कोणी होईल आपोआप म्हणते, कोणी पाच मिनिटांत नाव देऊन टाकते. बिने यांच्या टेबलावरचे ते दाखले अजून पुरते इतिहासजमा झालेले नाहीत.

म्हणून शंभर वर्षांपूर्वीची ती पथ्ये आजही उपयोगी पडतात. बोलणे उशिरा येत असेल तर आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. मूल आवाजाकडे वळते म्हणजे त्याला सगळे ऐकू येते असे नाही. नजर तपासावी. फिट्स, थायरॉइड, झोप यांविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. मूल घरी, शाळेत आणि खेळताना काय करते याची उदाहरणे तारखेसह लिहून न्यावीत. ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ यापेक्षा ती कितीतरी बोलकी असतात. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी. ज्या दिवशी मूल आजारी किंवा भेदरलेले असेल, त्या दिवसाचा आकडा अंतिम मानू नये. अहवालात फक्त नाव आणि अंक न मागता, मुलाला काय जमते, काय जमत नाही आणि पुढे कोणती मदत हवी, हे लिहून मागावे. काही काळाने फेरतपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधील तपासणीत अशा अडचणी हेरून मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची सोय आहे. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून मूल पाहावे अशी रचना आहे. निदान नक्की होण्याची वाट पाहत मदत मात्र थांबवू नये. बोलण्याचे, खेळाचे, लक्ष देण्याचे प्रशिक्षण त्याआधीही सुरू करता येते.

बिने यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ज्याँ पियाजे नावाचा तरुण स्विस संशोधक पॅरिसला आला. सिमाँ यांनी त्याला बिने यांच्या त्याच शाळेतील प्रयोगशाळेत मुलांवर चाचण्या घेण्याचे काम दिले. बरोबर उत्तरे मोजण्याचे ते काम त्याला कंटाळवाणे वाटले. मुले चुकतात ती कोणत्या विचाराने चुकतात, याचेच त्याला कुतूहल वाटू लागले आणि तो त्यांच्याशी गप्पा मारू लागला. बालमानसशास्त्रातील एक मोठे काम तिथून सुरू झाले. उत्तर चुकले, की मुलाला आणखी एक प्रश्न विचारायचा. आपल्या दोन मुलींबरोबर घरात बसून बिने यांनी वर्षानुवर्षे केले होते ते हेच.